चौथं पाकीट

हेरवाडकर वर्षातून एकदा येतात,
बेळगावहून, शिमगा संपला की.
पणजीच्या जेट्टीवरून आमच्या लाँचमध्ये
आधी पिशवी ठेवतात, मग उजवा पाय.
पतपेढीत एकतीस वर्षं कॅशियर.
बोटांना अजून ओल्या स्पंजची सवय,
नोटा मोजण्याआधी अंगठा हवेतच बुडवतात.

खिशात तीन पाकिटं.
एकावर पेन्सिलीने ‘परतीची बस’,
दुसऱ्यावर ‘गोळ्या’,
तिसऱ्यावर ‘गंमत’: दोन हजार,
शंभराच्या नोटा, सगळ्या एका तोंडाने.
“हे घरीच खर्ची टाकून आलोय,” म्हणतात,
“नाटकाचं तिकीट काढल्यासारखे.
पडदा पडल्यावर कोणी पैसे परत मागतं का?”

मी सुलक्षा, डिचोलीची.
स्लॉटच्या तिसऱ्या रांगेत रात्रपाळी.
आम्ही गोंयकारांनी खेळायचं नाही.
आम्ही काच पुसायची, हसायचं,
अडकलेला कागद ओढून काढायचा.
म्हणून मला चेहरे पाठ आहेत.
हरणारा मशीनला थोपटतो
आटलेल्या म्हशीला थोपटावं तसा,
आता पान्हा सोडील म्हणून.
लघवी तुंबली तरी खुर्ची सोडत नाही,
“इतकं घातलंय, उठलो तर दुसराच कोणी नेईल.”

हेरवाडकर ऐकतात, मान हलवतात.
“मशीनला खातेवही नसते, पोरी.
तुझं मागचं येणं त्याला ठाऊकच नाही.
दर वेळी ते आत्ताच जन्मलेलं असतं.”
सगळ्यात कमी दराचं बटण दाबून
ते हात मांडीवर ठेवतात,
चित्रं थांबेपर्यंत बघतात.
लिंबू, घंटा, लिंबू.
दीड तासाने मनगटावरचं घड्याळ टिटवीसारखं ओरडतं
आणि ते उठतात.
दोनशे उरले असले तर फारच खुशीत.

भावाला हे सांगून बघितलं.
तो मटक्याचे आकडे स्वप्नातून काढतो,
ट्रकच्या नंबरातून, मेलेल्याच्या वयातून.
“पाकिटं बायका करतात,” म्हणाला,
आणि पेट्रोलला तीनशे घेऊन गेला.

मागच्या वर्षी तीन घंटा एका ओळीत आल्या.
एकेचाळीस हजार.
शेजारच्या रांगेतले लोक उठून बघायला आले.
हरण्याची सगळी तयारी करून आलेला माणूस,
त्याचा हात थरथरत होता.
घड्याळ ओरडलं, त्यांनी दाबून गप्प केलं,
सहा वर्षांत पहिल्यांदा.
दर चौपट केला. मग दहापट.
मांडीवरचा हात आता बटणावरच.
चौतीस.
एकोणतीस.

आम्हाला बोलायची मुभा नाही, वर कॅमेरा असतो.
पाहुण्याला थांबवणं आमच्या पगारात बसत नाही.
मी म्हटलं, “काका, चहा आणू? साखर किती?”
एवढंच.
साखर त्यांना बंद.
“बिनसाखरेचा,” म्हणाले,
आणि नकळत गोळ्यांचं पाकीट चाचपलं.

कप घेऊन आले तेव्हा
मशीनमधून कागद काढून हातात धरला होता.
सव्वीस हजार.
“याला पाकीटच आणलं नव्हतं,” म्हणाले,
दिवसअखेरीस रोकड न जुळलेल्या आवाजात.
मी पेपर नॅपकिनची घडी घालून दिली.

यंदा आले ते चार पाकिटं घेऊन.
चौथ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
दीड तास. लिंबू, घंटा, लिंबू.
शंभराची एक नोट उरली.
मांडवीत बोटींचे लाल-निळे दिवे लोळत होते.
पहाटेच्या लाँचमध्ये चढण्याआधी
ते कोरं, रिकामं पाकीट त्यांनी सरळ केलं,
छातीच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं.

एक तारखेला मीही आता पाकिटं करते.
खोलीभाडं. आईचा चष्मा. भिशी.
भावाच्या तीनशेचंही एक केलंय.
ते संपलं की संपलं.